वीस जागांचा आषाढ

मैत्रिणीचा फॉर्म मी चुकीचा भरला. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून चांगुलपणाची अपेक्षा ठेवणार नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कुठला विषय घ्यायचा, त्याचा तो फॉर्म. सही तिची, अक्षर माझं. तिनं सांगितलं एक, मी लिहिलं दुसरं, आणि लिहिताना आपण तिच्यावर केवढे उपकार करतो आहोत अशा थाटात मी पेन धरलं होतं. बावळटपणाला वय नसतं म्हणतात. माझ्या बावळटपणाला होतं: एकोणीस वर्षं, आणि वर दोन वेण्या.

तीस वर्षांहून जास्त झाली त्याला. एरवी मी ते आठवत नाही, आठवू देत नाही. पण आषाढ लागला की घरात सगळं उगवायला लागतं. कपाटातल्या चपलांवर पांढरी लव येते. टॉवेल तीन दिवस वाळत नाही आणि मग त्याला असा वास येतो की तोंड पुसावं की पुन्हा धुवावं कळत नाही. दही एक तर आंबट होतं नाही तर चिकट. पोह्यांच्या डब्याला कुबट वास. आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात कुणीतरी एक पोर हातात कागद नाही तर फोन घेऊन बसलेलं असतं, आणि त्याच्या भोवती चार मोठी माणसं त्याचं आयुष्य भरत असतात. जन्मतारीख, आईचं नाव, विषय. जन्मतारीख तेवढी पोराला विचारतात.

यंदा हे माझ्याच स्वयंपाकघरात झालं. माझ्या थोरल्या दिरांची नात शिकायला आमच्याकडे साताऱ्यात राहते. माझी स्वतःची नात अजून बालवाडीत आहे, हात धुवायचं गाणं म्हणते आणि माझी बोटं ओढून त्यावर जंतू शोधते. तर ही मोठी नात अंघोळीला गेली होती आणि तिचा बाप, म्हणजे माझा पुतण्या, लोणंदहून खास फॉर्म भरायला आला होता. फोन समोर धरून म्हणाला, "काकू, ह्यात ऐच्छिक विषय म्हणून काहीतरी विचारतायत. टाकून देतो काहीतरी बरं."

"तिला विचारलंस?"

"तिला काय कळतंय. मानसशास्त्र म्हणतीय. रडक्या लोकांचं ऐकत बसायचं, झालं."

मी भाकरीचं पीठ मळत होते. हात धुतला नाही. त्याच्या हातातला फोन घेतला आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

"काकू, ओटीपी यायचाय त्याच्यावर."

"येऊ दे. पिठातही येतो."

आला. डबा थरथरला. पुतण्या डब्याकडे बघत राहिला, मी झाकणावर कोपर टेकून उभी राहिले. पोरगी केस पुसत आली, तिनं डबा उघडला, फोन फुंकला आणि आपला विषय आपल्या बोटानं भरला. पुतण्या जाताना चपला घालता घालता म्हणाला, "काकू, तुम्हाला एवढा राग नेमका कशाचा येतो?"

त्याला तेव्हा चहा हवा का विचारलं. उत्तर इथे देते.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. सांगलीत विश्रामबागेत एका बंगलीच्या मागच्या बाजूला आमची खोली होती. तीन खाटा, एक खिडकी, एक माठ. एका खाटेवर मी, साताऱ्याच्या शनिवार पेठेतली, घरात सोवळंओवळं, तोंडात अखंड उपदेश. दुसऱ्या खाटेवर कराडची शैला, जिच्या वडिलांचं भुसार मालाचं दुकान होतं आणि जिला दिवसाला एक विनोद केल्याशिवाय जेवण जात नसे. तिसऱ्या खाटेवर पद्मजा. मिरजेच्या पुढच्या एका खेड्यातल्या जैन शेतकऱ्याची मुलगी. हळद, ऊस, थोडा तंबाखू. ती कमी बोलायची आणि मी ते मंदपणाचं लक्षण समजायची. मी तेव्हा बऱ्याच गोष्टी समजायची.

पहिलं वर्ष संपता संपता आमच्यात एकच विषय असायचा: पुढे विषय कुठला. वर्तमानपत्रावर भडंग ओतायचं, कांदा चिरायचा, आणि तिघींनी आठवणीनं न धुतलेले हात त्यात घालायचे.

"मी गणित घेणार," शैला म्हणायची. "गणिताला जंतू नसतात."

"तुझ्या नखातले पुरे आहेत."

"आणि ऐका, मायक्रो घेतलेल्या पोरीचं लग्न ठरत नाही. बघायला आलेल्यांनी पोह्याला हात घातला की ही विचारणार, हात धुतलेत का."

मायक्रो म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र. एवढं लांब नाव कोण घेणार.

पद्मजा भडंगातले शेंगदाणे वेचत म्हणाली, "मग न धुता खाणारा नवरा मिळाल्याला बरा व्हय?"

शैलाला ठसका लागला. मी हसले नाही. विनोद मला सुचला नव्हता तर मी हसत नसे.

त्या माठावर पद्मजाचं एक पांढरं फडकं असायचं, दुहेरी घडीचं. नळाचं पाणी ती त्यातून गाळायची. गाळून झालं की फडकं पिळायची नाही. उलटं करून त्याच्यावर गाळलेलं पाणी ओतायची आणि ते खाली एका वाटीत धरायची. फडक्यावर अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव त्या वाटीत आले, असा हिशेब. गावाकडे ही वाटी परत विहिरीत जाते, असं तिनं सांगितलं होतं.

"आणि इथं?" मी विचारलं. "नळात कशी सोडतेस परत?"

"तुळशीत घालती. आज्जीला सांगू नगा."

मी यावर तिला अर्धा तास जंतुशास्त्र शिकवलं. पाणी उकळलं की सगळे मरतात, इतकं सोपं आहे, हे वाटीबिटीचं कशाला. आणि आमच्या घरी ओल्या सोवळ्यानं स्वयंपाक करतात त्यामागे कसं शास्त्र आहे, तेही. ओल्या कापडात जंतू उलट जोमानं वाढतात हे मला पुढच्याच वर्षी पुस्तकात सापडलं. घरी सांगायचं धाडस मात्र आई गेली तरी झालं नाही.

एकदा प्रयोगशाळेत सरांनी प्रत्येकीला काचेची एक पसरट बशी दिली. आत खळीसारखं काहीतरी थिजवलेलं. त्यावर बोट टेकवायचं आणि दोन दिवसांनी बघायचं काय उगवतं. मी साबणानं दोनदा हात धुऊन आले. पद्मजानं नुसतेच धुतले. दोन दिवसांनी माझ्या बशीत दिवाळी होती. पिवळे, दुधाळ, एक तर चक्क गुलाबी. सरांनी ती वर धरून विचारलं, "ही कुणाची रांगोळी?"

"शैलाची," मी म्हणाले.

पद्मजाच्या बशीत चार ठिपके. त्यातला एक काचपट्टीवर घेऊन तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो काढेचना. मागच्या पोरी कुरकुरायला लागल्या. शेवटी मान वर करून ती हळूच म्हणाली, "हायेत की. आज्जी म्हणती ते खरं हाय. हायेत."

मग सरांनी सांगितलं, आता सगळ्या बशा कुकरमध्ये जाणार, वाफेखाली.

"सगळी मरतील व्हय, सर?"

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. ते हसू आज ऐकू आलं तर त्या पोरीच्या पाठीत धपाटा घालीन, दोन वेण्यांच्या बरोबर मध्ये.

त्याच संध्याकाळी मी तिला समजावायला बसले. समजावणं हा माझा आवडता गुन्हा. "हे बघ, तुला मायक्रो झेपायचं नाही. रोज मारावं लागेल, टोपल्यांनी. तुमच्यात चालतं का? उगीच पाप वाटत राहील. त्यापेक्षा वनस्पतिशास्त्र घे, झाडंपानं, शांत विषय."

पद्मजा हळदीनं पिवळी झालेली नखं बघत होती. ती रागावली नाही. म्हणाली, "मारायला न्हाई घेत मी. आमच्या घरात इतक्या पिढ्या न बघता मानलं. आता बघायची सोय झालीय, तर एकीनं तरी बघायला नगो?"

आणि मग तिनं दुसरं सांगितलं. ते मी ऐकलं. नीट ऐकलं, कान देऊन, म्हणून तर मला माझा राग येतो. तिचे वडील, त्यांना ती अण्णा म्हणायची, त्यांनी अट घातली होती. दूध संघात दुधाची तपासणी करायला मायक्रो झालेल्या मुली घेतात, असं त्यांना बाजारात कुणी सांगितलं होतं. तो विषय मिळाला तर शीक. न्हाई मिळाला तर घरी ये, स्थळं बघायला घेतो.

"मिळंल न्हवं?" पद्मजानं विचारलं.

"मिळेल की," मी म्हणाले.

मायक्रोला वीस जागा होत्या.

आषाढातले आठ दिवस त्यांच्या बस्तीत, म्हणजे देवळात, पूजा असते. त्यासाठी ती गावी निघाली तेव्हा गुणपत्रिका आल्या नव्हत्या. तिनं फॉर्मवर फोटो चिकटवला, खाली सही केली, बाकीचं कोरं ठेवलं आणि कागद माझ्या हातात दिला. "गुण कळलं की लिव्ह. पयल्या पसंतीला मायक्रो. हापिसाची खिडकी बंद व्हायच्या आत दे. तुझ्यावर सोडून चाललीय बघ." शैला कराडला गेलेली. मी एकटी खोलीत.

गुणपत्रिका आल्या. पद्मजाला माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त.

पुढची तीस वर्षं मी हे कसं सांगत आले ते आधी सांगते. हळदीकुंकवाला, भिशीला, माहेरवाशिणींच्या गप्पांत. "मी बाई इतकी खुळी होते, एकीचा विषयच बदलून टाकला. म्हटलं, जैनाची पोर, जीव कसे मारणार." बायका हसायच्या. मीही हसायची, डोळ्यांना पदर लावून. गमतीचा किस्सा म्हणून तो माझ्या नावावर चांगला खपला. माझ्या जाऊबाई तर पाहुण्यांना तो मला मुद्दाम सांगायला लावत.

किश्श्यात अकरा गुण नसायचे. वीस जागाही नसायच्या. आणि यादी लागली तेव्हा विसाव्या नंबरवर कुणाचं नाव होतं, हे मला कुणी कधी विचारलं नाही.

माझं होतं.

मी काही कागदावर आकडेमोड केली नव्हती. करायची गरजच पडली नाही, वर्गात कुणाला किती पडले हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. त्या दुपारी खाटेवर बसून मी तिच्या फॉर्मवर वळणदार अक्षरात "वनस्पतिशास्त्र" लिहिलं आणि मनाशी म्हटलं, बिचारी, वाचली पापातून. हे मी खरंच म्हटलं. मनाला शिकवलेलं होतं, ते पोपटासारखं बोललं. खोटेपणा करणाऱ्या माणसाला मी एक वेळ पाणी देईन. खोटेपणा करून वर कणव दाखवणाऱ्याला, आणि ती मीच, उंबरठ्याबाहेर उभं करीन.

ती परत आली ती थेट फलकाकडे गेली. मायक्रोची यादी तिनं बोट लावून वरून खाली वाचली. मग खालून वर. मी छत्री मिटत मागे उभी होते. छत्रीच्या काडीत बोट अडकल्याचं नाटक करत होते, तेही आठवतं. वनस्पतिशास्त्राच्या यादीत तिला नाव सापडलं तेव्हा ती म्हणाली, "हापिसात गडबड झालीय काय तरी. चल माझ्यासंगं."

गेले. खिडकीतल्या कारकुनानं गठ्ठा सोडला, दमट कागद एकमेकांना चिकटलेले, ते थुंकी लावून सुटे केले. तिचा फॉर्म काढून पुढे सरकवला. "ताई, सही तुमचीच हाय न्हवं? यादी लागल्यावर बदल होत न्हाई. नियम हाय."

तिनं सही बघितली. मग सहीच्या वर बघितलं. माझं अक्षर तिला ठाऊक होतं, वर्षभर माझ्या वह्या तिनं उतरवल्या होत्या. कारकुनाला ती "व्हय, माजीच हाय" म्हणाली आणि कागद परत दिला. माझं नाव घेतलं नाही. तिनं तिथं नुसतं बोट दाखवलं असतं तर कदाचित काही झालं असतं. तिनं नाही दाखवलं. आणि मी तोंड उघडलं नाही. कारकुनावर मी पुढे कित्येक वर्षं रागावून होते, त्याच्या थुंकीवर, त्याच्या नियमावर. सोपं होतं ते. तो माझ्या ओळखीचा नव्हता.

शनिवारी अण्णा आले. पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी कणसं. दारातच उभे राहिले. मुलीला म्हणाले, "झाडंपानं शिकायला सांगलीला कशाला ऱ्हायाचं? ती रानात हायेत की. फुकाट." आणि माझ्याकडे वळून, हात जोडून, "तुमी लय सांभाळलं आमच्या पोरीला."

पद्मजा माठावरचं फडकं सोडत होती. तिनं त्याची चार घड्यांची घडी केली आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवली. खोलीतून जाताना माझ्याकडे बघितलं की नाही, सांगता येणार नाही, कारण मी कणसांकडे बघत होते.

आता त्या विसाव्या जागेचं काय झालं तेही ऐका. दोन वर्षं मी कुकरभर बशा उकळल्या. पदवी घेतली. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, साताऱ्याच्या साताऱ्यातच. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "शिकलीस काय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "अरे वा, मग विरजण चांगलं लागेल." लागतं. तीस वर्षं संध्याकाळी विरजण लावते आहे, एकदाही बिघडलं नाही, आषाढ सोडून. दूध संघाचं तोंड मी पाहिलं नाही. ज्या जागेसाठी एका मुलीचं शिक्षण थांबलं, त्या जागेवर आमच्या घरात दही लागतं. पुतण्या विचारतो, राग कशाचा येतो.

पद्मजाचं लग्न पुढच्या वर्षी झालं, कर्नाटकाच्या बाजूला दिली, एवढं शैलाकडून कळलं. पुढचं मला माहीत नाही. माहीत करून घेता आलं असतं. शैलाचा फोन आजही येतो, कालही आला होता. मी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली.

एक केलं. त्या वर्षी श्रावणात एका रविवारी एस्टीत बसून मी पद्मजाच्या गावी गेले. क्षमा मागायला, असं मी वाटेत ठरवलं होतं, आणि जागा सोडते म्हणायचं, असंही. वर्ग सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. प्राचार्यांना अर्ज लिहिला असता तर कोण जाणे. अर्जाचा कोरा कागद पर्समध्ये घेतलेला होता. तो कोराच परत आला. मी जागा सोडली नाही, आणि पद्मजाला न भेटता पाचची गाडी पकडली. ती हळदीच्या रानात भांगलायला, म्हणजे तण काढायला, गेली होती, दिवेलागणीला येणार होती. थांबता आलं असतं.

घरी फक्त तिची आज्जी. विहिरीजवळ बसलेली, बारीक, पांढऱ्या लुगड्यातली, कानाच्या पाळ्या खांद्यापर्यंत लोंबलेल्या. समोर पितळेची घागर आणि तिच्या तोंडावर ते फडकं. पद्मजाचं होतं ते, मी लगेच ओळखलं. मी तिथंच दगडावर बसले आणि सगळं सांगितलं. अकरा गुण, वीस जागा, अक्षर, कारकून. किस्सा नव्हे, खरं. आयुष्यात एवढं एकदाच सांगितलं, तेही अशा बाईला जिला जागा म्हणजे काय आणि पसंतीक्रम म्हणजे काय ते कळत असेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणूनच सांगता आलं बहुतेक.

आज्जी पाणी ओतत राहिली. धार कुठेही तुटली नाही. माझं बोलून संपलं तेव्हा तिचं गाळून संपलं. तिनं फडकं उलटं केलं, त्यावर गाळलेलं पाणी सोडलं आणि जे अडकलं होतं ते एका लहान कळशीत उतरवून घेतलं. कळशीच्या बुडालाही एक कडी होती आणि तिला वेगळा दोर, म्हणजे कळशी पाण्याला टेकल्यावर अलगद पालथी करता येते, वरून टाकावी लागत नाही. ती कळशी आणि दोन्ही दोर तिनं माझ्या हातात दिले.

मी उठले. विहीर चार पावलं पलीकडे होती, काठ निसरडा होता. गुरांच्या पाण्याचा हौद हाताशी होता. मी हौदाकडे वळले आणि कळशी तिरकी केली.

मागून आज्जी म्हणाली, "हौदात न्हाई, बाळ. ज्या हिरीतलं हाय त्याच हिरीत सोड. दुसऱ्या पाण्यात पडलं की मरत्यात ती, आन मग आपण न्हाई मारलं म्हणून हात झाडता येत न्हाईत."